वजन उतरवणारे इंजेक्शन : शोध कोणाचा, मुनाफा कोणाचा, खर्च कोणाचा?

आजकाल चार व्यापारी एकत्र बसले की सुताच्या भावानंतर दुसरा विषय हमखास निघतो, तो वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा. कोणी म्हणतो, आठवड्याला एकदा टोचा आणि पोट आत. कोणी म्हणतो, ही श्रीमंतांची चैन आहे. तिसरा एखादा ओळखीतून स्वस्तात आणून देण्याची तयारी दाखवतो. या तिन्ही बोलण्यांत थोडे खरे आणि बरेच अर्धवट आहे. म्हणून हा माल नेमका काय आहे, तो कसा तयार झाला आणि त्याचा भाव कशावर ठरतो, हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहणे गरजेचे वाटते.

विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपली निम्मी जिंदगी गादीवर बसून जाते. शिंपी, जरीकाम करणारा, हिशेबनीस, दुकानदार, सगळे बसूनच रोजी कमावतात. चहा दिवसभर चालू असतो आणि जेवण रात्री उशिरा होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे या इंजेक्शनचे गिऱ्हाईक आपल्याच मोहल्ल्यात आहे.

आतड्यातून निघणारा निरोप

आपण घास गिळला की आतडी रक्तात काही रस सोडतात. हे रस शरीरातल्या इतर अवयवांना निरोप देतात. त्यांना हार्मोन किंवा संप्रेरक म्हणतात. आतडी असा निरोप पाठवतात हे लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये दाखवले. पुढे १९६० च्या दशकात एक गोष्ट पक्की झाली. तीच साखर शिरेतून दिली तर शरीर जितके इन्सुलिन सोडते, त्यापेक्षा बरेच जास्त ती तोंडाने घेतल्यावर सोडते. म्हणजे आतड्यातले काहीतरी स्वादुपिंडाला आगाऊ खबर देत होते.

ही खबर देणारा एक मुख्य पदार्थ १९८० च्या दशकात हाती लागला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हॅबनर यांच्या प्रयोगशाळेने ग्लुकॅगॉन नावाच्या संप्रेरकाचा जनुक उलगडला. त्याच जनुकात आणखी एका पदार्थाचा नमुना दडलेला होता. त्याला जीएलपी-१ असे नाव पडले. त्या लांब साखळीतला नेमका कोणता तुकडा काम करतो, हे स्वेतलाना मोइसोव्ह या युगोस्लाव्हियात जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्याच हॉस्पिटलात हुडकले. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनचे येन्स युल होल्स्टही स्वतंत्रपणे त्याच जागी पोचले. १९८७ च्या सुमारास हे सगळे शोधनिबंध छापून आले.

या पदार्थाची कामे तीन. रक्तात साखर वाढली असेल तेव्हाच तो इन्सुलिन सोडायला लावतो. जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतो. आणि मेंदूला सांगतो की पोट भरले, आता हात आवरा. हे तिसरे काम १९९६ मध्ये लंडनच्या स्टीफन ब्लूम यांच्या गटाने उंदरांवर दाखवले. वजन उतरवण्याच्या धंद्याची पायाभरणी इथे झाली.

पण मालात एक मोठी खोट होती. आपल्या शरीरात हा पदार्थ दोन-एक मिनिटांत तुटतो. त्याला कापणारी यंत्रणा रक्तातच बसलेली आहे. शिरेतून सतत ठिबकत ठेवला तर मधुमेह्याची साखर ताळ्यावर येते, हे जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये दाखवून दिले. पण रोज चोवीस तास सलाईन लावून कोण बसणार? कापड कितीही सुंदर असो, पहिल्या धुण्यात विरले तर त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. पुढची सारी वर्षे हा पदार्थ टिकाऊ कसा करायचा, याच एका कामात गेली.

सरड्याची लाळ आणि एका डॉक्टरचा खिसा

पहिला टिकाऊ नमुना सापडला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेच्या नैऋत्य भागात आणि उत्तर मेक्सिकोत हिला मॉन्स्टर नावाचा एक जाडजूड, विषारी सरडा असतो. तो वर्षातून मोजक्याच वेळा खातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात माजी सैनिकांसाठी सरकारी हॉस्पिटल आहे. तिथले डॉ. जॉन एंग या सरड्याच्या विषात नवे संप्रेरक शोधत होते. त्यांना एक्सेन्डिन-४ नावाचा पदार्थ मिळाला. १९९२ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. तो आपल्या जीएलपी-१ सारखेच काम करत होता, पण दोन मिनिटांत तुटत नव्हता. तासन् तास टिकत होता.

एंग यांनी ज्या सरकारी खात्यात नोकरी केली त्या खात्याला या शोधाचे पेटंट घेण्यात रस वाटला नाही. तेव्हा एंग यांनी स्वतःच्या खिशातून खर्च करून पेटंटचा अर्ज केला. मग ते आपला नमुना घेऊन कंपन्यांकडे फिरले. शेवटी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अॅमिलिन कंपनीने हक्क घेतले. एप्रिल २००५ मध्ये बायेटा या नावाने मधुमेहाचे इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झाले. ते दिवसातून दोनदा घ्यावे लागे. औषधासाठी सरडे मारावे लागत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सरड्याकडून फक्त नमुना मिळाला. माल कारखान्यात रसायनांपासून तयार झाला.

धुलाई पावडरच्या खात्यातून औषधाच्या खात्यात

डेन्मार्कची नोव्हो नॉर्डिस्क ही कंपनी जुनी इन्सुलिनवाली. तिच्या मुळाशी ऑगस्ट क्रोग हे नोबेल विजेते शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या डॉक्टर पत्नी मारी यांना मधुमेह होता. १९२२ मध्ये हे जोडपे अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना क्रोग टोरांटोला जाऊन नवे इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊन आले. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये काम सुरू झाले. या कंपनीच्या मतांचा पाऊण हिस्सा आजही एका प्रतिष्ठानाच्या हाती आहे आणि त्या प्रतिष्ठानाचा पैसा संशोधन व लोकोपयोगी कामांना जातो. आपल्याकडच्या वक्फची आठवण यावी अशी ही व्यवस्था आहे.

याच कंपनीचा दुसरा मोठा धंदा एन्झाइमचा होता. कपडे धुण्याच्या पावडरीत घालायची आणि कापडावरची सायझिंग उतरवायची एन्झाइमे ती बनवत असे. पुढे २००० मध्ये हा धंदा वेगळा निघाला. लोट्टे बियरे क्नुडसन या तरुण बाई १९८९ मध्ये कंपनीत आल्या, त्या याच धुलाईच्या एन्झाइमच्या कामावर. तिथून त्या औषधाच्या खात्यात गेल्या आणि जीएलपी-१ टिकवण्याचे काम त्यांच्या गटाकडे आले.

त्यांनी काढलेली तोड कोणत्याही कारागिराला पटेल अशी आहे. रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन कायम फिरत असते. त्याला चरबीचे कण चिकटतात. क्नुडसन यांच्या गटाने जीएलपी-१ च्या साखळीला चरबीच्या आम्लाची एक शेपटी जोडली. ती शेपटी अल्ब्युमिनला धरून बसते, त्यामुळे कापणाऱ्या यंत्रणेच्या हाती औषध लवकर लागत नाही. दोन मिनिटांचे आयुष्य तेरा तासांवर गेले. हे लिराग्लुटाइड. युरोपात २००९ मध्ये आणि अमेरिकेत २०१० मध्ये मधुमेहासाठी ते मंजूर झाले. दिवसाला एक इंजेक्शन पुरेसे झाले. २०१४ च्या अखेरीस जास्त मात्रेत ते वजन उतरवण्यासाठीही मंजूर झाले.

मग शेपटी आणखी सुधारली आणि साखळीतली तुटणारी जागा बदलली. आता निम्मे औषध रक्तातून जायला सुमारे आठवडा लागू लागला. हे सेमाग्लुटाइड. मधुमेहासाठी ओझेम्पिक या नावाने ते डिसेंबर २०१७ मध्ये आणि वजनासाठी वेगोव्ही या नावाने जून २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पाठोपाठ एली लिली कंपनीचे तिरझेपाटाइड आले. ते एकाऐवजी दोन संप्रेरकांचे काम करते. भारतात ते मौंजारो या नावाने विकले जाते. अमेरिकेत ते २०२२ मध्ये मधुमेहासाठी आणि २०२३ मध्ये वजनासाठी मंजूर झाले.

शोधापासून वजनाच्या औषधापर्यंत पंचवीस-तीस वर्षे लागली. ज्यांना झटपट मुनाफा हवा त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

कागदावर ज्याचे नाव, त्याचा हक्क

या गोष्टीत आपल्या कारागीर बांधवांसाठी एक सबक आहे. मोइसोव्ह बाईंनी काम केले, पण सुरुवातीच्या पेटंटांवर शोधक म्हणून हॅबनर यांचे एकट्याचे नाव होते. बाईंनी वर्षानुवर्षे कायद्याने भांडून आपले नाव त्या कागदांवर चढवून घेतले. तरीही २०२१ मध्ये कॅनडाचा मोठा गेर्डनर पुरस्कार या शोधासाठी तिघा पुरुषांना मिळाला, त्यात त्या नव्हत्या. २०२४ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मात्र हॅबनर, मोइसोव्ह आणि क्नुडसन या तिघांना मिळाला. कागदावर नाव नसते तर हा मान तरी मिळाला असता की नाही, शंका आहे.

उलट बाजूचा दाखलाही आहे. कॅनडात सेमाग्लुटाइडचे पेटंट चालू ठेवण्याची काही शे डॉलरची फी नोव्हो नॉर्डिस्कने २०१९ मध्ये भरली नाही. तेथील पेटंट रद्द झाले आणि पुन्हा मिळाले नाही. अब्जावधींचा धंदा करणारी कंपनी आणि किरकोळ फी! आपल्याकडे लायसन्सचे नूतनीकरण राहून गेले म्हणून धंदा अडकलेले लोक आपण पाहतोच.

आपले नक्षीकार नवी बूटी काढतात, नवा काठ बसवतात आणि महिन्याभरात तीच नक्कल बाजारात येते. आपल्या देशात डिझाइन कायदा २००० खाली कापडावरच्या नव्या नक्षीची नोंदणी होते. तिला दहा वर्षे संरक्षण मिळते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. अट एवढीच की नक्षी बाजारात दाखवण्याआधी अर्ज केला पाहिजे. मेहनत आपली असेल तर कागदही आपला असावा.

भाव कशावर ठरतो?

वेगोव्ही २०२१ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा महिन्याची छापील किंमत सुमारे १,३५० डॉलर होती. कारखान्यातला उत्पादनखर्च याच्या आसपासही नाही. भाव ठरतो तो पेटंटने. पेटंट म्हणजे वीस वर्षांचा मक्ता. त्या काळात दुसऱ्याला तो माल बनवता येत नाही.

भारतात १९७० च्या कायद्याने औषधाच्या कृतीलाच पेटंट मिळत असे, औषधाला नाही. म्हणून आपल्या कंपन्या दुसऱ्या कृतीने तेच औषध बनवून स्वस्तात विकत. २००५ पासून औषधालाही पेटंट लागू झाले. सेमाग्लुटाइडचा अर्ज त्यानंतरचा, म्हणून त्याला भारतातही संरक्षण मिळाले. मुख्य पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती.

मुदत सरण्याच्या तोंडावर भाव कसे हलतात ते पाहा. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि पाच मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक कुपी लागते. जूनमध्ये वेगोव्ही आले, सर्वांत कमी मात्रेचा महिन्याचा खर्च १७,३४५ रुपये. नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच १०,८५० रुपयांवर आणला गेला. कंपनीला अचानक दया आली असे नव्हे. एकीकडे प्रतिस्पर्धी आणि दुसरीकडे मुदत. लिराग्लुटाइडचे तर आधीच झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये ग्लेनमार्क या भारतीय कंपनीने त्याचा देशी पर्याय दिवसाला सुमारे शंभर रुपयांत आणला.

मक्त्यावर बसणाऱ्याचेही दिवस फिरतात. नोव्हो नॉर्डिस्क २०२३ मध्ये युरोपातली सर्वांत मोलाची कंपनी ठरली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने नऊ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, कारण एली लिलीच्या मालाने बाजार खेचला होता.

गिऱ्हाइकाने कोणता हिशेब करावा?

फायदा खरा आहे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरले. केवळ आहार-व्यायामाच्या गटात ते अडीच टक्क्यांच्या आतच राहिले. तिरझेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के उतरले. हृदयरोग असलेल्या १७,६०४ स्थूल लोकांवरच्या चाचणीत, जी २०२३ मध्ये जाहीर झाली, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचे एकत्र प्रमाण २० टक्क्यांनी घटले. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही औषधे, मधुमेहासोबत स्थूलपणा आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी, आवश्यक औषधांच्या यादीत घातली. तेव्हा ही निव्वळ चैन नाही.

पण दुसरी बाजू कोणी दुकानात सांगत नाही. इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असे चाचणीतच दिसले. हा एकदा रोख देऊन संपणारा सौदा नाही, हे चालू भाडे आहे. नोव्हेंबर २०२५ च्या भावाने महिना १०,८५० धरले तरी वर्षाचे १,३०,२०० रुपये होतात, आणि मात्रा वाढली की खर्चही वाढतो. भाव उतरले तरी हिशेबाची रीत हीच राहील : मी हे किती वर्षे भरू शकतो? मुलीच्या शिक्षणाचा किंवा दुकानाच्या भांडवलाचा पैसा यात जात असेल तर आधी घरात मशवरा करावा.

मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ हे त्रास बऱ्याच जणांना होतात. म्हणून मात्रा कमीपासून सुरू करून महिन्या-महिन्याने वाढवतात. पित्ताशयातले खडे आणि स्वादुपिंडाची सूज हे कमी दिसणारे पण गंभीर त्रास आहेत. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर ही औषधे चालत नाहीत. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून चालणे-फिरणे आणि डाळ, अंडी, मासे असा आहार सुटता कामा नये.

रमजानचा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. एकट्या या इंजेक्शनने साखर सहसा फार खाली जात नाही, पण सोबत इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या चालू असतील तर जाऊ शकते. उलट्या होत असतील तर रोज्यात शरीरातले पाणीही घटते. म्हणून रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. नवे इंजेक्शन ऐन रमजानात सुरू करू नये.

दुसरा प्रश्न डुकराचा. जुन्या काळी इन्सुलिन गाय-डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना शंका असे. सेमाग्लुटाइड यीस्टच्या मदतीने तयार होते आणि तिरझेपाटाइड रसायनांपासून जोडून बनवतात. दोन्ही जनावराच्या अवयवातून काढलेली नाहीत.

शेवटची गोष्ट खोट्या मालाची, आणि ती व्यापाऱ्याला सांगावी लागू नये. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नकली ओझेम्पिकबद्दल इशारा दिला. असा माल २०२३ मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडला होता. जिथे मागणी जास्त आणि भाव चढा, तिथे नकली खेप येतेच. शिवाय हे औषध वापरण्याआधी २ ते ८ अंशांच्या थंडीत ठेवावे लागते. गोठले तर ते फेकून द्यावे लागते. पिशवीत घालून उन्हातून आलेली डबी अस्सल असली तरी तिचा भरवसा नाही.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. परवाना असलेल्या दुकानातून पक्क्या बिलावरच घ्यावे आणि बिलावरचा बॅच नंबर डबीवरच्या नंबराशी ताडून पाहावा. दुकानात ते फ्रिजमधून काढून देतात की फळीवरून, हे पाहावे. आणि देशी कंपन्यांचा स्वस्त माल घेताना नुसता भाव विचारू नये, तर कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या औषधाचा ते विचारावे, कारण सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड आणि तिरझेपाटाइड हे तीन वेगळे माल आहेत. आपण सुताचा काउंट तपासल्याशिवाय गाठ उचलत नाही. शरीरात टोचायच्या मालाला त्याहून कमी तपास लावणे हा घाट्याचाच सौदा ठरेल.